कारवीपाड्याची पाटी

मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली काळी पाटी नव्हे. तिचे नशीब माझ्यापेक्षा बरे, तिच्यावर लिहिलेले निदान कोणीतरी खरे धरते. मी पत्र्याची पाटी, बसच्या पुढच्या काचेमागे उभी राहणारी. माझ्या एका अंगावर 'मुरबाड – कारवीपाडा' आणि दुसऱ्या अंगावर 'कारवीपाडा – मुरबाड' असे लिहिलेले होते. होते म्हणते, कारण आता त्यातली एकच बाजू उरली आहे. दुसरीचे काय झाले ते पुढे येईलच. मित्रांनो, मला पाहून तुम्ही कधी पिशव्या सावरत धावला असाल. कधी मी दिसेन म्हणून डोळे ताणून रस्त्याकडे बघत बसला असाल आणि मी आलेच नसेन. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. मला पाय नाहीत. ज्यांना चाके, खुर्च्या आणि पगार आहेत त्यांनी मागावी.

माझा जन्म मुरबाडच्या बाजारात, रसवंतीशेजारच्या एका टपरीत झाला. टपरीचा मालक पेंटर होता. तो बिडी ओठात धरून लिहायचा आणि हात जराही हलू द्यायचा नाही. त्याने मला घासून गंज काढला, पिवळा रंग चढवला आणि काळी अक्षरे काढून त्यांना लाल सावली दिली. काम संपल्यावर त्याने मला लांब धरून पाहिले आणि कोपऱ्यात एक लहानसे फूल काढले. "नव्या रस्त्याची पाटी हाय, अशीच सुनी कशाला पाठवायची?" असे तो कंडक्टरला म्हणाला. त्याचे पैसे कोणी मागितले नव्हते, कोणी दिलेही नाहीत. आगाराच्या कारभारात मला मनापासून मिळालेली ती पहिली आणि जवळजवळ शेवटची गोष्ट.

टोकावडे रस्त्यावरून एक फाटा आत डोंगराकडे जातो. भातखाचरे संपतात, जंगल सुरू होते, ते जंगल ओलांडले की कारवीपाडा येतो. पहिल्या दिवशी मी त्या रस्त्याने गेले तेव्हा सगळा गाव वेशीवर उभा होता. भागीरथी नावाची एक तरणी बाई आरतीचे ताट घेऊन पुढे आली. तिने चाकांवर पाणी घातले, नारळ फोडला, आणि मग आत चढून माझ्या काचेकडच्या अंगावर कुंकवाचे बोट टेकवले. ड्रायव्हर अनंता तेव्हा नवाच नोकरीला लागला होता. तो हसून म्हणाला, "अगो, पाटीला कशाला? इंजिनाला लाव." भागीरथी म्हणाली, "इंजिन तुमचं हाय. नाव आमचं हाय." ते कुंकू माझ्या रंगात मुरले आणि तिथेच राहिले.

आमची गाडी मुक्कामी होती. हल्लीच्या मुलांना हे समजावून सांगावे लागते. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन यायचे, रात्री गाडी शाळेपुढे लावायची, ड्रायव्हर-कंडक्टरने देवळाच्या ओसरीत पथारी टाकायची आणि उजाडता उजाडता गाव घेऊन मुरबाडला निघायचे. त्यांच्या जेवणाची पाळी घराघरांत लावलेली असे, पण अनंताला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी भागीरथीच्याच घरून येई. पहाटे अनंता इंजिन तापवायला लावायचा आणि त्या आवाजाने चुली पेटायच्या. काकड्या, शिराळी, करवंदांच्या टोपल्या, दुधाचे कॅन, तापाने फणफणलेली पोरे, माहेरी निघालेल्या बायका, सगळे माझ्या पाठीमागे बसून गेले. वरच्या वाडीचा मंगळू मधाचे डबे घेऊन यायचा आणि बसायला जागा असली तरी उभाच राहायचा, डबे हिंदकळतील म्हणून. तेव्हा मला माझा ताठा होता. मी काचेमागे उभी राहिले की लांबून लोक म्हणत, "आली आपली गाडी."

मग कुरतडायला सुरुवात झाली. एकदम कोणी काही बंद केले नाही. तेवढी हिंमत असती तर लोक भांडले तरी असते. आधी मुक्काम गेला. मग सकाळची फेरी उशिरा येऊ लागली. मग संध्याकाळची फेरी कधी येई, कधी न येई. कारणे मात्र रोज वेळेवर यायची. टायर नाही. डिझेल नाही. ड्रायव्हर रजेवर आहे. गाडी लग्नाच्या वऱ्हाडाला दिली आहे. गाडी पुढाऱ्याच्या सभेला माणसे भरायला गेली आहे. एकदा तर गाडी, ड्रायव्हर, डिझेल सगळे हजर होते आणि चावी एका साहेबाच्या खिशात शहापूरला गेली होती. फाट्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला हे कोण सांगणार? तो उन्हात उभा राहायचा, शिव्या द्यायचा आणि शेवटी जीपच्या टपाला लोंबकळून जायचा.

आणि मग आगारातले साहेब कपाळाला आठ्या घालून म्हणू लागले की या गावाला प्रवासीच नाहीत. मित्रांनो, एखाद्याला आधी उपाशी ठेवायचे आणि मग याला भूकच लागत नाही म्हणून त्याचे ताट उचलायचे, याला तुमच्या घरी काय म्हणतात मला माहीत नाही. आगारात त्याला नियोजन म्हणतात.

गाडीच चालत नव्हती तिथे पाटीला कोण विचारतो? मला काय काय व्हावे लागले ते ऐका. फुटक्या खिडकीतून पाऊस आत येऊ नये म्हणून मला तिथे ठोकले. एका कंडक्टरने मला मांडीवर घेऊन माझ्यावर तंबाखू मळली आणि चुना माझ्याच कडेला पुसला. एकदा चिखलात जॅक बसेना म्हणून मला जॅकखाली घातले. अख्ख्या गाडीचा भार माझ्या कोपऱ्यावर आला आणि तो कोपरा, तो फुलाचा कोपरा, कायमचा वाकला. कोठीत माझ्या शेजारी आटगाव स्टेशनची एक पाटी पडलेली असायची. शहापूरकडून उसन्या आलेल्या गाडीतून ती इकडे आली आणि परत न्यायला कोणी आले नाही. ती सांगायची की तिची बस स्टेशनच्या आवारात शिरे तेव्हा लोकल नुकतीच सुटलेली असे. माणसे तिच्याकडे बघून थुंकत. मी म्हटले, बाई, तुझ्याकडे बघून थुंकायला निदान तू पोचत तरी होतीस.

आता हर्षालीचे सांगते, कारण ही गोष्ट खरी तिचीच आहे.

हर्षाली म्हणजे भागीरथीच्या धाकट्या दिराची, जयरामची मुलगी. गावातून मुरबाडच्या कॉलेजात बारावीपर्यंत पोचलेली ती पहिली पोर. ती नेहमी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसायची, म्हणजे माझ्या पाठीशी, आणि गाडी हलू लागली की वही मांडीवर घ्यायची. तिला नर्सिंगला जायचे होते. जयराम पोरीच्या आड येणारा बाप नव्हता, पण त्याला भीती वाटायची. फाट्यापासून गावापर्यंत जंगलाचा रस्ता, थंडीत अंधार लवकर पडणारा, आणि जीपवाले पुरुषांच्या मांडीवर माणसे बसवणारे. सोडायला-आणायला जावे तर त्याच्या तीन म्हशींची धार नेमकी त्याच वेळेला. त्याची बायको जना गुडघ्याने अधू. म्हणून त्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते, "गाडी हाय तवर कॉलेज. गाडी बंद, कॉलेज बंद. मग माज्याकडं रडत येयाचं नाय."

हर्षाली हो म्हणाली होती. तिला वाटले, गाडी कशाला बंद होईल?

दिवाळी झाली आणि सलग आठवडाभर संध्याकाळची गाडी आली नाही. पोर रोज फाट्यावरून एकटी चालत आली. आठव्या दिवशी आम्ही आलो, पण दिवस मावळून गेल्यावर. गावाच्या बायका रस्त्यावर उभ्याच होत्या. पुढे भागीरथी, आता केस पिकलेली, पण आवाज तसाच.

"अनंता, खाली उतर. रोज आमची पोर रानातून चालत येते, आन तू आज तोंड दाखवतोस?"

"काकी, माज्या हातात काय हाय? मला जिकडं पाठवतात तिकडं मी जातो."

"मंग आज आमाला कायतरी तारन दे. गाडी आमी ठेवून घेऊ शकत नाय. पाटी ठेवून घेतो." असे म्हणत ती आत चढली आणि तिने मला काचेमागून उपसून काढले. "पाटी आमच्या नावाची हाय. ही गावात असंल तं गाडीला यायाच लागंल."

बायकांनी मान डोलावली. गावात गहाण ठेवायची हीच रीत: कोणाचा बैल शेतात शिरला तर त्याची घंटा काढून घ्यायची, धनी घंटा मागायला येतोच. अनंता कळवळून म्हणाला, "अगो काकी, असं नको करू. तुला वाटतं तसं नाय ते. पाटी नसली तं उलटं त्यांना निमित्त मिळंल." कोणी ऐकले नाही. हर्षालीने मात्र ऐकले. ती दाराशी उभी होती आणि तिचा चेहरा उतरला. पण घंटा काढून घेणाऱ्या माणसांपुढे एकट्या पोरीचे काय चालते?

भागीरथीने मला थांब्यावरच्या चिंचेला तारेने बांधले. दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. निरोप आला तो असा: पाटी नाही, सबब फेरी नाही. मित्रांनो, पुढाऱ्याच्या सभेची गाडी असली की पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेले चालते. वऱ्हाडाच्या गाडीला काचेवर चुन्याने नवरा-नवरीची नावे लिहिलेली चालतात. कारवीपाड्याची पाटी मात्र पत्र्याचीच हवी होती, तीही नेमकी मी. बैलाचा धनी घंटा मागायला येतो, कारण त्याला बैल हवा असतो. यांना बैल नकोच होता.

आणि माझे काय झाले? माझी पूजा सुरू झाली. कोणी झेंडूचे फूल वाहिले, कोणी हळद लावली, देवदिवाळीला माझ्याखाली पणती ठेवली. एका म्हाताऱ्याने हात जोडून मला गाऱ्हाणे घातले. मला इतका संताप कधी आला नव्हता. अरे, मी देव नाही, मी पत्रा आहे! माझ्यापुढे नारळ फोडण्यापेक्षा आगाराच्या दारात जाऊन बसा. मला हळद नको, काच हवी. पण मी ओरडले तरी चिंचेच्या पानाइतकाही आवाज होत नव्हता.

जयरामने आपला शब्द पाळला. मला बांधले होते तिथूनच त्याचे अंगण दिसत असे. "आप्पा, जत्रेनंतर प्रॅक्टिकलची परीक्षा हाय," हर्षाली म्हणाली. "ती नाय दिली तं वर्स जाईल." तो म्हशीला पेंड घालत होता. त्याने मान वर केली नाही. "मी काय बोललो होतो? गाडी आन, मंग जा." जनाने पदर तोंडाला लावला. भागीरथी आपल्या दारात उभी राहून हे ऐकत होती आणि त्या दिवशी तिने माझ्यापुढे पणती लावली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षाली चिंचेखाली आली. तिने तार सोडली, ओढणीत मला गुंडाळले आणि पाठीला बांधले. फाट्यापर्यंत चालत, तिथून भाजीच्या टेम्पोत पुढे बसून ती मुरबाडला पोचली. स्टँडवर जाळीच्या खिडकीमागे कंट्रोलर बसला होता. हर्षालीने मला खिडकीत ठेवले.

"साहेब, ही कारवीपाड्याची पाटी. आता गाडी सोडा."

त्याने माझ्याकडे आणि मग तिच्याकडे पाहिले. "ही तुझ्याकडे कशी आली? आगाराचा माल आहे हा. चोरीचा गुन्हा दाखल होईल."

"गाडी पन आगाराचीच ना? ती गावातून कुनी चोरली, तो गुन्हा कुठं दाखल करायचा?"

मागे उभे असलेले दोघे-तिघे हसले. कंट्रोलरला ते लागले. "तुमच्या गावाला प्रवासी नाहीत, बाई. रिकामी गाडी किती दिवस पळवायची?"

"येत नाय म्हनून रिकामी. तुमी या एकदा बगायला. मी हाय, पोरी हायेत, दूधवाले हायेत. आमी रोज उभं राहतो."

"जत्रा होऊ दे. सगळ्या गाड्या म्हसा गावाला लागल्यात. मग बघू."

"जत्रेनंतर माझी परीक्षा हाय."

"मग बघू म्हटलं ना," असे म्हणून त्याने मला आत ओढून टेबलाखाली सरकवले आणि माझ्यावर डबा ठेवला. दाराच्या फटीतून मला हर्षालीच्या चपला दिसत होत्या. मग त्या वळल्या आणि गेल्या.

बघू म्हटल्याप्रमाणे त्यांनी बघितले. म्हशाच्या जत्रेसाठी पाट्या कमी पडल्या, तेव्हा टेबलाखालून मला उपसले आणि रंगवायला धाडले. त्याच टपरीत. जुना पेंटर आता नाही, त्याचा मुलगा विपुल बसतो. त्याने माझ्यावर पांढऱ्या रंगाचा हात फिरवला आणि बापाची काळी अक्षरे, लाल सावली, कुंकू, सगळे त्याखाली गेले. वर निळ्याने लिहिले, 'म्हसा जत्रा विशेष'. पलटवून बघितले तर दुसरी बाजू तशीच होती. आगाराचा माणूस घाई करत होता. विपुल म्हणाला, "मागची बाजू कोन बघतंय? ऱ्हाऊ दे." त्याच्या आळसाचे मी आजही उपकार मानते.

जत्रेत माझा थाट विचारू नका. ज्या आगाराकडे एका गावासाठी एक गाडी नव्हती, त्याच्याकडे जत्रेसाठी गाड्यांची रांग होती. टायर होते, डिझेल होते, ड्रायव्हर होते. मी काचेमागे उभी राहून धुळीतून, बैलांच्या गर्दीतून, घोंगड्यांच्या ढिगांजवळून फेऱ्या मारत होते. जत्रेवर माझा राग नाही. माणसांनी देवाला जावे, बैल घ्यावे, जिलेबी खावी. पण सणाला जी गाडी निघते तिला वर्षभर कुठे दडवून ठेवतात, हे मला कोणीतरी सांगा.

शेवटच्या दिवशी उन्हे कलताना म्हशाच्या स्टँडवर आमच्या गाडीत कारवीपाड्याची माणसे चढली. जयरामच्या खांद्यावर नवे घोंगडे होते आणि हातात बैलाची घुंगुरमाळ. मागे भागीरथी, मंगळू, आणखी सात-आठ जण. हर्षाली सवयीने ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर येऊन बसली. गाडीवर अनंताच होता. त्याने आरशातून त्यांना पाहिले आणि मान खाली घातली.

कंडक्टर प्रणय नावाचा नवा पोरगा होता, गळ्यात तिकिटाचे मशीन. जयराम म्हणाला, "कारवीपाडा. तीन." मुरबाडहून पुढे जीपने जायचे हे त्याला माहीत होते; पण तोंडात तेच नाव बसले होते.

प्रणयने बटणे दाबली, पुन्हा दाबली. "काका, असं गावच नाय मशीनमध्ये. मुरबाडची देऊ?"

"नाय म्हंजे? गाव नाय?"

"होतं वाटतं आधी. फेरी बंद झाली तवाच काढून टाकलंय. बंद रूट हाय ना."

जयरामने पुढे केलेले पैसे तसेच मुठीत परत घेतले. इतके दिवस त्याला वाटत होते, गाडी आज नाही, उद्या येईल. पोरीचे कॉलेज आज बंद, गाडी आली की सुरू. आता त्याला कळले की ज्या दिवशी आपण पोरीला 'गाडी आन, मंग जा' म्हणालो, त्याआधीच गाव पुसून झाले होते.

तेवढ्यात पुढून हर्षालीचा आवाज आला. "आप्पा, इकडं या. हे बगा."

माझी जत्रेची बाजू रस्त्याकडे होती आणि जुनी बाजू आत, तिच्या तोंडासमोर. वाकलेला कोपरा तिने ओळखला होता. जयराम वाकला आणि एकेक अक्षर जुळवत त्याने वाचले: 'कारवीपाडा – मुरबाड'. मागून भागीरथी आली. तिने माझ्या अंगावर हात फिरवला, कुंकू शोधत. ते दुसऱ्या बाजूला, रंगाखाली गेले होते.

मुरबाडला सगळी गाडी उतरली. कारवीपाड्याचे लोक उतरले नाहीत. अनंता म्हणाला, "जयराम, स्टँड आलं." जयराम म्हणाला, "आमचं गाव नाय आलं अजून."

कंट्रोलर तरातरा आला. आधी समजावले, मग आवाज चढवला. "उतरा खाली. पोलिसांना बोलवीन."

"बोलवा," जयराम म्हणाला. "त्यांच्या गाडीतून तरी आमी घरी जाऊ."

भागीरथी उभी राहिली. "पाटी मी काढली होती, साहेब. मला काय ती शिक्षा करा. माज्यापायी पोरीचं वर्स नका खाऊ."

स्टँडवरचे लोक गोळा झाले. इतर गावांचे, इतर फाट्यांवर उभे राहून पायांचे तुकडे पडलेले. कोणी मोबाइल वर धरला. कोणी मागून ओरडले, "आमच्या गावाचं पन असंच करताय ना?" कंट्रोलरच्या कपाळावर घाम आला. तेव्हा अनंता आपल्या जागेवरून उठला. त्याने मला काचेमागून काढले, पलटवले आणि पुन्हा उभे केले. गावाचे नाव रस्त्याकडे, जत्रा आत. "साहेब," तो म्हणाला, "या गावाची भाकरी खाल्लीय मी. तुमी लिहून द्या नायतर नोकरीवरून काढा. मी गाडी घेऊन चाललो."

"एवढी एक फेरी," कंट्रोलर म्हणाला. "मुक्काम नाही. लगेच परत यायचं. आणि यापुढे हा विषय बंद."

गाडी निघाली. प्रणयने कोणाला तिकीट द्यायचा प्रयत्न केला नाही, मशीनमध्ये द्यायला गावच नव्हते. मला वाटले होते लोक आनंदाने ओरडतील. कोणी ओरडले नाही. हक्काची गोष्ट भीक मागितल्यासारखी मिळाली की माणूस गप्प होतो. वेशीवर पोचलो तेव्हा दिवस नुकता बुडत होता. सगळे उतरल्यावर अनंताने मला काढून हर्षालीच्या हातात दिले. "आगारात ऱ्हायली तं उद्या दुसरी बाजूपन रंगवतील. हरवली म्हनून सांगीन. जप हिला." मग त्याने रिकामी गाडी वळवली आणि नाव नसलेली काच घेऊन तो गेला. त्याला त्यानंतर लांबच्या मार्गावर टाकले, असे ऐकते.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना जयराम अंगणात आला. त्याने नवे घोंगडे डोक्यावरून घेतले, बॅटरी घेतली आणि मला काखेत धरले. हर्षाली दप्तर घेऊन त्याच्या मागे. म्हशी हंबरत होत्या. "आन धार?" जना म्हणाली. "आल्यावर," तो म्हणाला.

फाट्यावर थांबा नाही. घाटातून येणाऱ्या लांबच्या गाड्या तिथून वारा उडवत जातात. जयराम रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि त्याने मला दोन्ही हातांनी छातीशी धरले, 'कारवीपाडा – मुरबाड' समोर करून. पहिली गाडी गेली. दुसरी गेली. तिसरीच्या ड्रायव्हरने वेग कमी केला, माझ्याकडे पाहिले आणि तोही गेला. मी उभ्या आयुष्यात काचेतून बाहेर पाहिले होते. बाहेरून गाडीकडे बघताना कसे वाटते ते त्या दिवशी कळले. चौथी गाडी कचकन थांबली.

कंडक्टरने दार उघडले. "इथं स्टॉप नाही."

"आता हाय," जयराम म्हणाला आणि त्याने मला आणखी वर उचलले.

हर्षाली चढली. तिने प्रॅक्टिकलची परीक्षा दिली. अजूनही ती जाते आहे. सगळ्या गाड्या थांबत नाहीत. कधी दुसरी थांबते, कधी उन्हे वर येईपर्यंत एकही नाही. संध्याकाळी जयराम पुन्हा मला घेऊन फाट्यावर येतो. त्याचे दूध उशिरा पोचते म्हणून डेअरीवाल्याने एका वेळचे घेणे बंद केले आहे. एक म्हैस विकायची बोलणी चालू आहेत. गावात त्याचे मोठे कौतुक होते. शाळेच्या कार्यक्रमात त्याला नारळ आणि शाल दिली, पोरीसाठी झिजणारा बाप म्हणून. टाळ्या वाजल्या. मला दाराशी टेकवून ठेवले होते आणि माझे अंग जळत होते. अरे, तो झिजतोय तिथे एक गाडी असायला हवी होती. शाल कसली देता? गाडी ज्यांनी काढून घेतली त्यांना जाऊन विचारा.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी सांगायचे असते की जुन्या वस्तू जपा, त्यांची निगा राखा, त्यांनाही जीव असतो. मी तसले काही सांगणार नाही. मला रंग देऊ नका, फुले वाहू नका, संग्रहालयात ठेवू नका. जयरामचे हात भरून आले आहेत. त्याच्या हातातून मला घ्या आणि काचेमागे उभी करा. आणि त्या काचेला गाडी जोडा.